बसमध्ये हरवलेला रिटेनर

म्हापशात माझी छोटी डेंटल लॅब आहे. निम्मं काम ऑर्थोचं, म्हणजे ब्रेसेस काढल्यावर दात परत जुन्या जागी जाऊ नयेत म्हणून जे काढता-घालता येणारे रिटेनर लागतात ते. पेशंट आम्हाला कधी दिसतच नाही, दिसतं ते त्याच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल. नावं मी विसरतो, दात नाही विसरत.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीचा आठवडा. सगळ्या क्लिनिकना सुट्टीच्या आधी काम हवं, आणि वर पाऊस, स्टोनची, म्हणजे मॉडेलच्या कडक प्लास्टरची, गोणी जरा उघडी राहिली की पावडर हवेतलं पाणी ओढते आणि सेट व्हायचा सगळा हिशोब बिघडतो. एक क्लिनिक तर आल्जिनेटचं माप (तोंडात जेलीसारखा लगदा बसवून घेतलेला दातांचा ठसा) त्यात प्लास्टर न ओतताच कोरड्या पिशवीत घालून बसवाल्याच्या हाती पाठवतं. पाणी उडालं की ते माप आकसतं, आणि मग रिटेनर घट्ट झाला म्हणून फोन मला! मी सांगतोय ते काम त्या क्लिनिकचं नव्हतं पण. ते ज्या डॉक्टर मॅडमचं, त्या मॉडेल स्वतः ओतून पाठवतात, तेवढं सुख.

मॉडेल ट्रिमरवर, म्हणजे कडा घासायच्या मशीनवर, धरलं आणि ओळख पटली. वरचा डावा दोन नंबर (मधून दुसरा दात) जन्मतःच बारीक, त्याच्या शेजारच्या सुळ्याची टोकाला कपची उडालेली. डिचोलीची कॉलेजातली मुलगी. सोबत चिठ्ठी: रिटेनर बसमध्ये हरवला, नवीन करावा. जुनं मॉडेल फळीवर होतंच, मी वर्षभर टाकत नाही. दोन्ही शेजारी ठेवली तर तो बारीक दात चक्क फिरलेला. फिरवून सरळ केलेला दातच आधी परत फिरतो, कारण हिरडीतले काही धागे नव्या जागेशी जुळायला वर्षभर घेतात, तोवर ते दाताला मागे ओढत असतात. नवीन होईपर्यंत काही आठवडे तोंडात काहीच नसणार, दुसरं काय.

शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून एक आज्जी लॅबचा जिना चढून वर आल्या. एका पिशवीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान, दुसरीतून रिटेनरचा निळा डबा काढला. डब्यावर आमचा स्टिकर असतो, त्यावरून शोधत आल्या.

"हे तूच केलंस ना रे बाबा? जरा सरळ करून दे."

डबा उघडला. शीट दुधाळ झालेली, दाढांकडची कड आत वळलेली. डिचोलीच्या मुलीच्या जुन्या मॉडेलवर ठेवून बघितला, डुगडुगत होता. विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, रात्रभर तोंडात असतो, वास यायला लागला, म्हणून लहानपणी नातीच्या दुधाच्या बाटल्या उकळायचे तसा हाही उकळला. मग हळूच, "पोरगी मला एका शब्दाने बोलली नाही. डॉक्टरला सांगितलंन बसमध्ये हरवला म्हणून."

हे असं सरळ करता येत नाही हे त्यांना पटवायला मला वेळ लागला. क्लिअर रिटेनरची शीट मुळातच तापवून मऊ करून, ती झोळ खाऊन खाली लोंबली की मॉडेलवर टाकून व्हॅक्यूमने ओढलेली असते. मग ती मॉडेलवरच पूर्ण थंड होऊ द्यायची, घाई करून कोमट असताना उचलली तरी वाकते. पीईटीजी नावाच्या प्लास्टिकची असेल तर ८० डिग्रीच्या आसपासच ढिली पडते, उकळत्या पाण्यात काय राहणार. कड कापताना शेवटची दाढसुद्धा पूर्ण झाकून ठेवायची, नाहीतर मोकळी राहिलेली दाढ हळूहळू वर येते. एवढं सगळं मी चिमट्यात धरून करतो आणि गॅसवरच्या टोपात दोन मिनिटांत संपतं. पण आज्जींवर राग कसा काढणार? सूचनांचा कागद मिळतो तो इंग्रजीत, आज्जी सकाळी मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या. आणि ब्रेसेस निघतात त्या दिवशी घरचे सगळे सेल्फीत, डॉक्टर काय बोलते तिकडे कोणाचं लक्ष असतं.

मी मॅडमना फोन करून म्हटलं, तो दात मॉडेलवरून करवतीच्या पात्याने कापून मेणात सरळ बसवतो, एका टप्प्यात ०.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवायचं नाही, त्यावर ओढलेल्या दोन-तीन प्लेट एकामागून एक घालून जमेल. हे काम मला मनापासून आवडतं, हल्ली सगळे कॉम्प्युटरवर करतात. त्यांनी घरी विचारलं. वडिलांचं उत्तर, इतके पैसे ओतले, आता पुरे. म्हणजे आहे तसाच धरायचा. वाकड्या दातावर मी अगदी फिट बसणारा रिटेनर करून दिला, आणि असलं काम चांगलं झाल्याचा आनंद होत नाही.

डब्यावर मार्करने मराठीत लिहिलं: गार पाण्यानेच धुवा, मऊ ब्रश, टूथपेस्ट नको (चरे पडतात, मग तिथेच घाण धरते नि वास येतो), जेवताना डब्यात ठेवा, कागदी नॅपकिनमध्ये नाही. मॅडमचा फोन आला, हे कोणी लिहिलं? मी. मग सगळ्याच डब्यांवर लिहून द्या ना! लिहीन, पण पहिल्या दिवशी घरच्यांना समोर बसवून सांगणं हे लॅबचं काम आहे का?

बसची भानगड मात्र मी त्यांना अजून सांगितलेली नाही. सांगितली तर पोरगी खोटी पडते. नाही सांगितली तर मॅडम तिला दर खेपेला डबा सांभाळ म्हणून लेक्चर देणार, आणि डबा तर त्या घरात कोणी हरवलाच नव्हता.