४२ नंबरचा ब्लाउज

उद्या कॉलेजात ट्रॅडिशनल डे, म्हणून रूममेटबरोबर तुळशीबागेत गेले. ब्लाउज मागितला तर काकू माप न घेताच म्हणाल्या, "तुला नाही बसायचा गं, जरा भात कमी कर." चार गिऱ्हाइकांसमोर. मी हसले. (हे हसणं शाळेपासून तोंडपाठ आहे.)

खरा धक्का परतीच्या बसमध्ये. जिच्या बारीक अंगाकडे बघून मी रोज स्वतःला बोल लावते, ती रूममेट हळूच म्हणाली, "मी महिनाभर रात्री जेवत नाहीये. चक्कर येते."

रूमवर येऊन दोघींनी १४४१६ लावला, सरकारची टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीतही बोलतात. ती बोलली, मी बाहेर कठड्यावर बसून राहिले.

ब्लाउज अजून नाहीच. कुणाकडे ४२चा हिरवा असेल तर सकाळी आठच्या आत कळवा.