खिशातलं रानजायफळ

रविवार, रात्री साडेनऊ

निरंकाराची राय, म्हणजे बांबर गावात निरंकार देवाच्या नावानं राखलेली देवराई, एकदाची पाहून झाली. आते वाळपईला राहते. गेली दोन वर्षं ती "येतेस कधी?" म्हणून मागे लागली होती आणि मी दर खेपेला चवथ, शिमगा, बँकेचं ऑडिट असं काहीतरी पुढं करत होते. आज फोंड्याहून सकाळच्या कदंब बसनं निघाले. वाळपईहून पुढं आतेभावाच्या जीपनं बांबरला.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा थोडा हिरमोडच झाला. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं, त्याच्यापुढं ही राय म्हणजे ओहोळाकाठचा एक तुकडा. पाच मिनिटांत आटपेल, मग वाळपईला जाऊन चहा, असा माझा हिशेब. तेवढ्यात आते म्हणाली, "व्हाणो हांगाच दवर."

अनवाणी पाऊल चिखलात गेलं. मे महिना, बाहेर सगळीकडे तांबडी धूळ, आणि इथं घोटाभर गार चिखल! त्यातून जागोजाग मुळं वर आलेली, गुडघ्यासारखी दुमडून पुन्हा खाली गेलेली. जायफळाच्या कुळातली झाडं ही. बारमाही पाण्यामुळं चिखलात हवा कमी, म्हणून मुळं श्वास घ्यायला अशी बाहेर येतात. हे मी वाचलं होतं. तरी एका गुडघ्यावर सरळ टेकायला निघाले. आतेनं दंड धरून उठवलं. "त्याच्या नाकावर बसतेस?"

ही झाडं खरवडली तर रक्तासारखा लाल चीक येतो. इथं कोयता लागत नाही तो त्यामुळं की देवामुळं, हे आतेला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं एकच सांगितलं होतं, इथली पडलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही. मी देवभोळी नाही. पण जानेवारी २०२० मध्ये याच सत्तरी तालुक्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, ते अभयारण्यात. १९९९ पासूनचं संरक्षण, सगळे कायदे असताना. परतताना जीपमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. आतेभाऊ मात्र आंब्याच्या भावाबद्दल बोलत होता.

वर कुठंतरी मलबारी राखी धनेश खो खो हसल्यासारखा ओरडत होता. दिसला नाही. खाली पानांत मात्र एक फळ फुटून पडलेलं, बीभोवती लालभडक जायपत्रीसारखी जाळी. हे धनेशाचं आवडतं खाणं. तो अख्खं गिळतो, लाल भाग पचवतो आणि बी लांब कुठंतरी टाकतो.

मी ते उचलून बघितलं. परत खाली ठेवलं असंच वाटत होतं. आत्ता धुवायचे कपडे काढताना कुर्त्याच्या खिशातून निघालं, जाळी तपकिरी पडायला लागलेली.

आतेला फोन केला. ओरडेल वाटलं होतं. ती नुसतं "हं" म्हणाली आणि मग, "पुढच्या आयतवारी घेऊन ये. पाऊस लागायच्या आधी."

ओल्या रुमालात गुंडाळून ठेवलंय. या बिया एकदा सुकल्या की रुजत नाहीत.