खात्रीचा रकाना

अलौकिक शक्ती सिद्ध करून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं आव्हान देणाऱ्या एका गटासाठी मी चाचण्या आखते. पेशानं मी संख्याशास्त्र शिकवते. या कामात सतत भोंदूंशी गाठ पडत असेल असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. हातचलाखी करणाऱ्याला आपलं बिंग कुठं फुटेल ते पक्कं ठाऊक असतं, तो अर्जाच्या वाटेला जातच नाही. अर्ज करतात ती मनापासून विश्वास असलेली माणसं. म्हणूनच हे काम जपून करावं लागतं.

ज्या चाचणीबद्दल लिहितेय ती एका पाणाड्याची. वयानं मोठे, बोलायला मोकळे. पहिल्या भेटीपासूनच मी त्यांना काका म्हणू लागले. तांब्याच्या दोन तारा काटकोनात वाकवायच्या, दोन मुठींत सैल धरायच्या आणि चालायचं. खाली पाणी आलं की तारा आपोआप एकमेकींवर येतात. जमिनीतलं पाणी दाखवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांनी दाखवलेल्या कित्येक ठिकाणी खरोखरच पाणी लागलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. पण बऱ्याच प्रदेशांत पुरेसं खोल गेलं की कुठं ना कुठं पाणी लागतंच, आणि पाणाड्यानं नको म्हटलेली जागा खणून पाहायला कुणी जात नाही. चुकलेला नकार असा कधी उघडकीलाच येत नाही. ही उणीव चाचणीत भरून काढता येते.

प्रत्यक्ष चाचणीपेक्षा आधीची बोलणी लांबतात, आणि माझ्या मते ती लांबायलाच हवीत. दहा बादल्या पालथ्या घालायच्या, एकीखाली पाण्याचा कॅन, उरलेल्या नऊंखाली वाळू भरलेले तसेच कॅन. पाण्याचा कॅन कुठं ठेवायचा ते दर फेरीला दहा बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. फेऱ्या बारा. बारापैकी किती ओळखाल, असं विचारल्यावर काका म्हणाले, "बाराच्या बारा." एखादी हुकली तर? "बरं, दहा धरा." आम्ही सहा पुरेत म्हटलं, तर ते जरा दुखावले. "माझ्यावर उपकार नकोत, बाई." मग मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. नुसत्या अंदाजानं बारात सरासरी एकच्या आसपास नेम लागतो. सहा किंवा त्याहून जास्त लागण्याची शक्यता दोन हजारांत एकाच्या जवळपास. म्हणजे सहा आले तरी तो योगायोग म्हणून आम्हाला झटकता येणार नव्हता. ते पटल्यावर त्यांनी सही केली.

हा आकडा आधी ठरवण्याबद्दल मी फार आग्रही असते. नताशा डेमकिना या रशियन मुलीला माणसाच्या शरीरात आरपार दिसतं असा तिचा दावा होता. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये तिची चाचणी झाली. सात माणसं आणि सात वैद्यकीय स्थिती यांच्या जोड्या लावायच्या, निदान पाच बरोबर यायला हव्यात, असं ठरलं होतं. तिच्या चार आल्या. संशोधक म्हणाले, नापास. टीकाकार म्हणाले, चार जोड्या योगायोगानं जुळणं हेही पन्नासात एखाद्या वेळीच घडतं, मग दावा मोडीत कसा काढता? नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसनही या टीकाकारांत होते. मला त्या टीकेत तथ्य वाटतं ते एवढंच की सात जोड्या फार थोड्या होत्या. पण निकाल लागल्यावर पट्टी हलवायला लागलो तर चाचणीला काही अर्थच उरत नाही. अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी १९६४ मध्ये स्वतःचे हजार डॉलर लावून दिलेलं असंच आव्हान १९९६ मध्ये दहा लाख डॉलरवर गेलं, २०१५ मध्ये थांबलं, आणि तोवर त्याची प्राथमिक फेरीही कुणी ओलांडली नाही. त्यांचा एक नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: निकाल असा हवा की तो सांगायला पंच लागू नये.

चाचणीच्या दिवशी काकांनी आधी मोकळ्या हॉलमध्ये फेरी मारली. एका कोपऱ्यात तारा हलल्या. खाली काहीतरी आहे म्हणाले, म्हणून आम्ही बादल्यांची अख्खी ओळ सरकवली. मग उघडी चाचणी. पाणी कुठल्या बादलीखाली आहे ते त्यांना दाखवून ठेवलं, आणि काका ओळीवरून चालू लागले. नेमक्या त्या बादलीशी तारा आल्या आणि फुलीसारख्या एकमेकींवर पडल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आज सगळं नीट चालतंय, परिस्थितीबद्दल तक्रार नाही, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. ही पायरी आम्ही कधीच गाळत नाही.

त्यानंतर बंद चाचणी. फासा टाकणारी जोडी कॅन मांडून, योग्य बादलीचा आकडा पाकिटात बंद करून मागच्या दारानं बाहेर जायची. ती पुरती गेल्यावर पुढच्या दारानं काका, मी आणि कॅमेरा सांभाळणारा मुलगा आत यायचो. आत असलेल्या कुणालाच योग्य बादली ठाऊक नसायची. ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा नकळत बोलतो. हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं जर्मनीत सगळे मानत होते. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची बारीक हालचाल टिपत होता.

नोंदवहीत फेरी आणि निवडलेली बादली यांच्या पुढं मी आणखी एक रकाना आखला होता: खात्री. दर फेरीनंतर मी विचारायची, "कितपत खात्री?" काका म्हणायचे, "पूर्ण." काही वेळा प्रश्न संपायच्या आत म्हणायचे. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. तारा आडव्या यायच्या आधी मनगटं केसभर आत झुकत. सैल धरलेली तार मुळातच अस्थिर असते, तिला तेवढा कल पुरतो. पण हे त्यांना जाणवत नव्हतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच या नकळत होणाऱ्या हालचालींना आयडिओमोटर क्रिया असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी प्रेतात्म्यांकडून टेबल फिरवून घेणाऱ्यांच्या तळहातांखाली पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि आधी हात सरकतात, मग टेबल, हे सिद्ध केलं. ती माणसंही आपण ढकलत नाही असंच शपथेवर सांगत होती.

बारा फेऱ्या झाल्यावर पाकिटं फोडली. बारापैकी दोन. दोन किंवा जास्त नेम नुसत्या नशिबानं तीनात एकदा लागतात.

काकांनी नोंदवही मागून घेतली आणि ते खात्रीच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आले. बाराही ठिकाणी "पूर्ण". "बरोबर आलं तेव्हा आणि चुकलं तेव्हा, तारा सारख्याच जोरानं आल्या," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं याचं मला आजही अप्रूप वाटतं. बहुतेक अर्जदार इथं कॅमेऱ्याच्या लहरींवर नाहीतर आमच्या अविश्वासावर बोट ठेवतात. काकांनी आधी आपल्याला काय जाणवलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाले, "पण हे साठलेलं पाणी होतं. माझं काम वाहत्या पाण्याचं."

आमच्या गटातला एक तरुण सहकारी यावर वैतागला. आधी साठलेलं पाणी मान्य केलं होतं ना? केलं होतं, आणि या चाचणीचा निकाल त्यामुळं बदलत नाही. पण नवा दावा नव्यानं तपासता येतो. १९९० मध्ये जर्मनीत कासेलला तेच केलं होतं. अर्धा मीटर खोल पाइप पुरला, पाणी कधी वाहतं आणि कधी थांबतं ते ३० पाणाड्यांनी ओळखायचं होतं. सगळ्यांना आधी खात्री होती, निकाल मात्र अंदाजाइतकाच आला.

त्या संध्याकाळी आमच्यातच वाद रंगला. एकीचं म्हणणं, बक्षिसाची आव्हानं हा तमाशा आहे, विज्ञान नव्हे. परामानसशास्त्रातले, म्हणजे टेलिपथीसारख्या शक्तींचा अभ्यास करणारे, संशोधक मोठ्या शक्तीचा दावा करतच नाहीत. गान्झफेल्ड प्रयोगांत, म्हणजे दुसऱ्यानं मनातून पाठवलेलं चित्र चारांतून ओळखायच्या प्रयोगांत, नुसत्या अंदाजाच्या २५ टक्क्यांच्या जागी ३२ टक्क्यांच्या आसपास यश येतं असं ते म्हणतात, आणि एवढा फरक एका दिवसात कसा दिसणार? मुद्दा रास्त आहे. माझ्या हिशेबानं, योगायोगाची शक्यता हजारात एक एवढीच उरावी अशी पट्टी लावायची तर त्यासाठी निदान सहाशे फेऱ्या हव्यात. असल्या सूक्ष्म परिणामाचा निवाडा प्रयोगशाळेतच व्हायला हवा, आराखडा आधी नोंदवून आणि इतरांनी प्रयोग पुन्हा करून. रँडींच्या आव्हानात कुणी जिंकलं नाही एवढ्यावरून असली शक्ती जगात नाहीच, असं म्हणणं मला मान्य नाही. पण काकांचा दावा सूक्ष्म नव्हता. त्यांनी बाराच्या बारा म्हटलं होतं. ज्याच्या शब्दावर लोक पैसा ओतून विहीर खणतात, त्याचा दावा एका दिवसात तपासता येतो आणि तपासायलाच हवा. निकालाच्या जाहिरातीचा हक्क आयोजक आपल्याकडं ठेवतात, हा आक्षेप मात्र मला पटला. आमच्या करारानुसार आता काकांच्या परवानगीवाचून त्यांचं नाव आणि चित्रफीत बाहेर जाणार नाही.

वाहत्या पाण्याचा मसुदा तयार होतोय. नळ बंद केल्यावर पाइपातलं पाणी किती वेळ वाहतं समजायचं, यावर बोलणी अडली होती. काकांनी दहा मिनिटं मागितली. चाचणी त्यानं बरीच लांबेल, पण मागणी वाजवी आहे, आम्ही ती मान्य केली. खात्रीचा रकाना या वेळीही ठेवा, असं काकांनी मसुद्याखाली स्वतः लिहिलंय.