आठचा आकडा आणि बंद थ्रॉटल

ब्रिटनमधल्या बीएमएफएच्या (ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन), म्हणजे मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या संघटनेच्या, ‘ए’ सर्टिफिकेटच्या आजच्या उड्डाण-चाचण्यांत पुन्हा तेच दिसलं. टेकऑफ जमतो, आठचा आकडा फसतो. त्याचा छेद पायलटच्या बरोबर समोर हवा आणि उंची कायम हवी. मॉडेल कललं की लिफ्टचा (पंखांच्या उचलीचा) उभा वाटा घटतो, नाक उतरतं, म्हणून वळणात एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) किंचित ओढावाच लागतो. वारा पाठीशी असताना वळण फुगतं. तिथे जास्त कलवा.

खरी गंमत इंजिन बंद पडल्याच्या सरावाची. साधारण 200 फुटांवरून, वाऱ्याच्या तोंडाला, थ्रॉटल आयडलवर, म्हणजे इंजिन जेमतेम चालू. उंची पुरवायला लोक एलेव्हेटर ओढत राहतात. वेग मरतो, मॉडेल स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते, आणि शेवटच्या वळणात एक पंख गळतो. नाक थोडं खालीच ठेवा, वळण लवकर घ्या. उंची उरली तर फेरा लांबवता येतो; कमी पडली तर काहीच हातात नसतं.

फेलसेफ, म्हणजे रेडिओ सिग्नल तुटला की थ्रॉटल आपोआप खाली आणणारी सोय, मात्र पुष्कळांनी तपासलेलाच नव्हता! प्रॉपेलरपासून दूर राहून, मॉडेल पक्कं धरून ट्रान्समीटर बंद करा: थ्रॉटल किमानवर यायलाच हवं, इलेक्ट्रिक असेल तर मोटर थांबायला हवी. चाचणीतल्या तोंडी प्रश्नांसाठी सुरक्षेचे नियम वाचून जा.