सोळा आठवड्यांची रायफल, अकरा महिन्यांची वाट

कस्टम रायफल बनवून घ्यायला निघालेल्यांसाठी आधीच सांगून ठेवतो: 'सोळा आठवडे' म्हणणारा कारागीर बहुधा खोटं बोलत नसतो. त्याचं घड्याळ वेगळं असतं. गिऱ्हाईक इसार दिला त्या दिवसापासून मोजतं, दुकान शेवटचा सुटा भाग हातात आला त्या दिवसापासून. ज्या ऑर्डरवरून हे लिहितोय, तिला सोळा आठवडे सांगून अकरा महिने लागले; मधले सात महिने कुणाच्याच हिशेबात नव्हते.

हे सात महिने खाल्ले बॅरलने, म्हणजे रायफलीच्या नळीने. रायफलिंगची, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांची, हत्यारं ठरावीक बोअर (नळीच्या भोकाचं माप) आणि ट्विस्टसाठी (किती इंचांत खाच एक फेरा घेते) लावावी लागतात, म्हणून बॅरल बनवणारे एकेका मापाचा घाणा काढतात. ६.५ मिमी, ८ इंचांत एक फेरा, नेहमीची जाडी, हे मागाल तर कदाचित फळीवर तयार मिळेल. साडेसात इंचांचा ट्विस्ट आणि जाड कंटूर (नळीचा बाहेरचा आकार) मागितलंत की पुढच्या घाण्याची वाट बघा. त्यात 'ट्विस्ट नंतर कळवतो' म्हटलं असेल तर ऑर्डर गेलेलीच नसते, आणि हे तिसऱ्या महिन्यात कळतं. कॅलिबर, ट्विस्ट, कंटूर, लांबी या चार गोष्टी इसाराच्या दिवशीच कागदावर उतरवा. थ्रोट (काडतुसाच्या जागेपुढचा, गोळी खाचांत शिरते तो भाग) खास हवा असेल तर रीमरही (ही जागा कोरणारं हत्यार) त्याच दिवशी मागवायला लावा आणि मापासाठी डमी काडतूस द्या, म्हणजे बारूद आणि प्रायमर नसलेलं, गोळी हव्या त्या लांबीवर बसवलेलं. बॅरल आलं पण रीमर नाही, ही अवस्था जास्त चीड आणते.

नळी बसवण्याचं काम, म्हणजे आटे, चेंबर (काडतुसाची जागा), हेडस्पेस (त्यात काडतूस किती घट्ट बसतं ते माप), बेडिंग (दस्त्यात पक्कं बसवणं), हे सगळं सरळ झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तारीख विचारत बसू नका. विचारा, 'माझ्या पुढे किती रायफली आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत किती बाहेर पडल्या?' पुढे ४० आणि महिन्याला ४ बाहेर, तर दहा महिने. चार महिने सांगणाऱ्याला भागाकार येत नाही, किंवा तुम्हाला येत नाही असं तो धरून चाललाय.

फिनिशला पुन्हा खोळंबा. ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर काळपट-निळा थर चढवणं. हॉट ब्ल्यूइंगची क्षारांची टाकी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते. एका बॅरलसाठी ती कुणी पेटवत नाही, पुरेसे नग जमेपर्यंत तुमचं बॅरल पडून राहतं. रस्ट ब्ल्यूइंगमध्ये गंज चढवा, उकळा, घासा, पुन्हा गंज चढवा. तिथे घाई करायला लावाल तर डाग पडलेलं काम मिळेल. स्टेनलेसवर नेहमीचं ब्ल्यूइंग चढतच नाही, हे ऑर्डर देतानाच कळलेलं बरं. मझल ब्रेकचे (नळीच्या तोंडावर बसणारा, धक्का कमी करणारा जोड) आटे हवे असतील तर फिनिशच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर फिनिश पुन्हा आणि रांगेच्या शेपटाला, आणि त्यात दुकानाची चूक नाही. कंटूर बदललात तर स्टॉकची (दस्त्याची) खाचही पुन्हा कोरावी लागते.

पैसे? पूर्ण रक्कम आगाऊ कधीच नाही. इसारात सुटे भाग भागले पाहिजेत, बाकी चाचणीचं टार्गेट बघून. भाग मागवल्याची पावती मागा. पावती दाखवायला टाळाटाळ झाली तर तुमच्या इसारातून कुणाचीतरी जुनी ऑर्डर पूर्ण होतेय, असा संशय घ्यायला जागा आहे. तिथून उठा.

शिकारीच्या हंगामाआधी जाऊ नका. तासाभराच्या दुरुस्त्या तुमच्या रायफलीला मागे ढकलतात. सीआयपीच्या (बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सदस्य देशांत प्रूफचा, म्हणजे जादा दाबाच्या चाचणीचा, शिक्का सक्तीचा आहे, ती रांग वेगळी मोजा. फोन महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. दर दोन दिवसांनी केलात तर कारागीर लेथ सोडून तुमच्याशीच बोलत बसेल.

ताबा घेताना रीमरचं ड्रॉइंग किंवा क्रमांक लिहून घ्या. बॅरल झिजल्यावर तोच रीमर लागतो.