दिवा हिरवाच होता: ओएसपीएफ बसवतानाचा माझा अनुभव

पणजी, मडगाव आणि फोंडा येथील आमच्या तीन कार्यालयांचे राउटर अनेक वर्षे हाताने लिहिलेल्या स्टॅटिक (ठरवून दिलेल्या) मार्गांवर चालत होते. गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात पणजी-फोंडा फायबर तुटली, तेव्हा फोंड्याचे सहकारी फोनवर म्हणाले, "सर, दिवा हिरवाच आहे." राउटरवरचा, केबल जोडलेली असल्याचे दाखवणारा तो दिवा खरोखरच हिरवा होता, कारण राउटरची केबल त्याच खोलीतल्या मीडिया कन्व्हर्टरपर्यंतच (केबलवरचे संकेत फायबरवर चढवणाऱ्या पेटीपर्यंतच) जात होती, तेवढा दुवा शाबूत असल्याने राउटर मडगावमार्गे न वळता सगळा डेटा तुटलेल्या तारेकडेच लोटत होता.

त्यानंतर मी ओएसपीएफ, म्हणजे राउटरांना आपसांत बोलून मार्ग ठरवू देणारा प्रोटोकॉल, बसवायला घेतले. यात शेजारी राउटर एकमेकांना दर १० सेकंदांनी हॅलो नावाचे छोटे पॅकेट पाठवतात, ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असे धरतात, आणि जाळ्याच्या नकाशावरून डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ सालच्या रीतीने स्वस्त मार्ग काढतात. तीनच राउटर असल्याने सगळे एरिया शून्यात, म्हणजे एकाच मुख्य गटात, ठेवले.

पणजी-मडगाव लगेच जुळले; फोंडा मात्र एक्सस्टार्ट, म्हणजे नकाशाची देवाणघेवाण सुरू करण्याच्या, अवस्थेत अडून बसला. साधे पिंग (पोहोच तपासणारे छोटे पॅकेट) जात होते, हॅलोही येत होते, म्हणून मी दुपारभर एरिया, मास्क आणि पासवर्ड या सेटिंगच पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. अखेर फोंड्याच्या राउटरवरून १५०० बाइटांचे, तुकडे न करण्याची अट घातलेले पिंग सोडले, ते अडले आणि उलगडा झाला: त्या पोर्टचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) पूर्वी कोणीतरी १४०० करून ठेवला होता. हॅलोमध्ये एमटीयू नसतो; नकाशाची देवाणघेवाण सुरू करणाऱ्या पॅकेटांत तो असतो, आणि शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो. ही तपासणी बंद करणारी आज्ञाही आहे, पण तिने मोठी पॅकेटे पुढे गुपचूप गळाली असती, म्हणून मी आकडाच दुरुस्त केला.

पणजी-मडगाव दरम्यान १ गिगाबिटची फायबर आणि १०० मेगाबिटचा रेडिओ असे दोन दुवे आहेत. ओएसपीएफमध्ये दुव्याची कॉस्ट (किंमत) म्हणजे संदर्भ-वेग भागिले दुव्याचा वेग, पण किमान १; मूळ संदर्भ-वेग १०० मेगाबिट असल्याने दोन्हींची कॉस्ट १ निघाली आणि काही वाहतूक पावसात डळमळणाऱ्या रेडिओवरून जाऊ लागली. तिन्ही राउटरांवर संदर्भ-वेग १० गिगाबिट केल्यावर कॉस्ट १० आणि १०० झाली.

एका रविवारी फोंड्याच्या कन्व्हर्टरमधून मी स्वतः फायबर काढली. पणजीकडे चाललेले पिंग थांबले आणि ३६ सेकंदांनी मडगावमार्गे उत्तरे येऊ लागली. राउटरवरचा दिवा तेव्हाही हिरवाच होता.