खांबाने उभं राहायचं कुठे?

चांगला फुटपाथ सोडून माणूस रस्त्यावर उतरतो तो बहुतेकदा एखाद्या खांबामुळे. मग डीपीचा डबा, मग झाड, मग वडापावची गाडी. इतके वळसे घेण्यापेक्षा गाड्यांमधून चाललेलं बरं वाटतं. खांबाचा काय दोष? दिवा हवा, सावली हवी, वडापाव तर हवाच. नकाशात जागा मिळाली नाही की ही मंडळी वाटेतच उभी राहतात.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर ही जागा दिलेली दिसते. तिथल्या रुंद फुटपाथचे मनातल्या मनात तीन पट्टे पाडून बघावेत. दुकानालगतचा अर्धा-एक मीटर पायऱ्यांसाठी आणि काचेत डोकावणाऱ्यांसाठी. मधला निव्वळ चालण्यासाठी. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने तो किमान १.८ मीटर हवा, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर निघून जातात. गाड्यांच्या बाजूचा तिसरा पट्टा झाडं, बाकं, खांब, कचरापेट्यांचा. घराला माळा असतो तसा हा पट्टा. तो नसला की पसारा दिवाणखान्यात येतो.

यासाठी जागा आणायची कुठून? आपले रस्ते मध्येच फुगतात, मध्येच आवळतात. फुगवट्यात वाहतूक काही वेगाने जात नाही, तिथे गाड्या लागतात एवढंच. ३ ते ३.५ मीटरच्या लेन शेवटपर्यंत सारख्या ठेवल्या की उरलेली जागा आपोआप कडेला पडते.

फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर गुडघे दुखणारे वर चढतच नाहीत. प्रत्येक सोसायटीच्या गेटापाशी तो खाली उतरवायचा, हीही खोडच. फुटपाथ सपाट ठेवून चढउतार गाडीला करायला लावावा. तिच्याकडे इंजिन आहे.

बोलार्डचं, म्हणजे गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेल्या बुटक्या खांबांचं, कोडं मात्र सुटत नाही. व्हीलचेअरसाठी दोन बोलार्डांत ९०० मिलिमीटरची फट ठेवावी लागते, आणि तेवढ्यातून स्कूटरही खुशाल निघते.

आणि त्या पिवळ्या फरश्या. त्या शोभेच्या नव्हेत. अंध माणूस त्या पायाने आणि काठीने वाचतो. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. पण केबलसाठी खोदाई होते, नंतर कुणीतरी घाईत फरश्या परत बसवतं, आणि एखादी रेघांची फरशी आडवी लागते. तिच्या रेघा थेट रस्त्याकडे बोट दाखवत असतात.